उतारा आहे, पण कपाटात नाही

मृगाच्या तोंडावर आमच्याकडे जनावरांच्या दवाखान्यापुढे रांग लागते. घटसर्प आणि फऱ्याची लस टोचल्याशिवाय शहाणा शेतकरी पावसाळ्यात जनावर बाहेर काढत नाही. यंदा अशाच एका सकाळी आमचे एक जुने पेशंट जनावरांच्या दवाखान्यातून थेट माझ्याकडे आले. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. बरोबर सहा वर्षांचा नातू होता. त्याच्या पायात खिळा गेला होता.

"डॉक्टरसाहेब, पोराला धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. म्हशींचं उरकूनच आलो."

मी जखम धुतली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आबा, याचं लसीकरणाचं कार्ड कुठं आहे? पाच वर्षांचा डोस झाला का?"

"लहानपणी झाले की सगळे. दीड वर्षाचा होता तेव्हा शेवटचा. आता मोठा झाला, आता कशाला?"

"म्हशींना घटसर्पाची लस दरवर्षी देता ना?"

"ती द्यावीच लागते. लाखाचं जनावर आहे एकेक."

मी पुढे काही बोललो नाही. आबांच्या ते आपोआप लक्षात आले आणि ते ओशाळून हसले. नातवाला त्या दिवशी धनुर्वाताचे सुटे इंजेक्शन न देता राहिलेला डीपीटीचा डोस दिला. त्यात धनुर्वातही येतो, डांग्या खोकलाही येतो आणि माणसाचा घटसर्पही येतो.

वाचकहो, जनावरांचा घटसर्प आणि माणसांचा घटसर्प हे दोन वेगळे रोग आहेत. नाव एक, पण जंतू वेगळे. म्हशीपासून मुलाला तो होत नाही. माणसांच्या घटसर्पाला इंग्रजीत डिप्थेरिया म्हणतात. हा रोग केव्हाच संपला अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेकडे २०१८ या एका वर्षात आपल्या देशातून साडेआठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात राजधानी दिल्लीत वीसहून अधिक मुले घटसर्पाने दगावली आणि औषधाचा तुटवडा हा वर्तमानपत्रांचा विषय झाला. आजचा लेख त्या औषधाविषयी आहे. त्याचे नाव प्रतिविष. ते सापडून सव्वाशे वर्षे उलटली, तरी आपल्या मुलांना ते वेळेवर मिळत नाही, याविषयी मला जे वाटते ते मी आज स्पष्ट लिहिणार आहे.

माझ्या आयुष्यातल्या दोन घटना आधी सांगतो.

पहिली १९८६ ची. मी नुकताच एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झालो होतो. एका संध्याकाळी एक बाई चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आली. ताप फार नव्हता, पण पोर मलूल पडले होते. श्वास घेताना घर्रघर्र आवाज येत होता. बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला, तर टॉन्सिलवर करड्या रंगाचा पडदा धरलेला. बोळ्याने हलवायला गेलो तर रक्त आले. पुस्तकात वाचलेला घटसर्प मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होतो. माझे हातपाय गळाले. आमच्या वयस्कर कंपाउंडरांनी मात्र शांतपणे फ्रिज उघडला आणि दोन बाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "साहेब, घटसर्पाचं सीरम. आधी थोडं कातडीत टोचून बघा, मग द्या." आम्ही तसेच केले. पेनिसिलिनही सुरू केले. तीन दिवसांत पडदा सुटला, आणि तीन आठवड्यांनी ते मूल चालत घरी गेले.

दुसरी घटना २०१८ ची. तोवर मी तालुक्याच्या गावी माझा दवाखाना चालवू लागून बरीच वर्षे झाली होती. ऊसतोडीवरून परतलेल्या एका कुटुंबातली सात वर्षांची मुलगी आली. आजाराचा तिसरा दिवस होता. घशात तोच पडदा, मान दोन्ही बाजूंनी सुजलेली. तिच्या कार्डावर पहिल्या दोन डोसांच्या पुढच्या रकान्यांत काहीच नव्हते. दर वर्षी दिवाळीनंतर कुटुंब कारखान्याच्या तळावर जाई, आणि गावात लसीकरणाचा दिवस येई तेव्हा ही मंडळी तिनशे मैलांवर असत.

मी पेनिसिलिन सुरू करून तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि फोनजवळ बसलो. औषधविक्रेते, ओळखीचे डॉक्टर, सरकारी भांडार, शेजारचे दोन जिल्हे. सगळीकडून एकच उत्तर: "हल्ली येत नाही." एकाने तर विचारले, "डॉक्टर, घटसर्प अजून होतो?" शेवटी प्रतिविष मिळाले आणि तिला टोचले गेले, तेव्हा आजाराचा सहावा दिवस होता. घसा मोकळा झाला. ती पेज प्यायली, आईशी बोलली. सगळ्यांना वाटले, सुटलो. दुसऱ्या आठवड्यात तिची नाडी अडखळू लागली आणि एका पहाटे हृदय बंद पडले.

तिच्या वडिलांनी मला विचारले, "साहेब, जंतू मेले म्हणाला होता ना तुम्ही?"

मी खोटे बोललो नव्हतो. जंतू खरेच मेले होते. या लेखाची सारी मेख तिथेच आहे.

जंतू आपल्याला दोन तऱ्हांनी मारतात. काही जंतू अंगात पसरतात, पेशींची नासधूस करतात. काही जंतू मात्र एका जागी बसून विष तयार करतात आणि ते विष रक्तातून किंवा मज्जातंतूंतून दूरवर जाते. घटसर्पाचा जंतू घशातच राहतो. त्याचे विष हृदयापर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. पेशीत शिरल्यावर ते तिथली प्रथिने बनवण्याची यंत्रणाच बंद पाडते. विषाच्या कामकरी भागाचा एकच रेणू आत शिरला तरी एक पेशी मरू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. धनुर्वाताचेही तसेच. जंतू पायाच्या जखमेत, पण त्याचे विष मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यापर्यंत चढते. स्नायूंना सैल सोडणारे संदेश ते अडवते, म्हणून जबडा बसतो आणि अंग धनुष्यासारखे वाकते.

पेनिसिलिन जंतूला मारते. आधीच सुटलेल्या विषाला ते हात लावत नाही. गावाच्या विहिरीत विष टाकणारा माणूस पकडला म्हणून विहिरीतले पाणी शुद्ध होत नाही. पाण्यातले विष निकामी करणारा उतारा वेगळाच लागतो. आपल्या शरीरात हा उतारा म्हणजे प्रतिपिंडे. इंग्रजीत अँटिबॉडी. विषाच्या रेणूला ही प्रतिपिंडे घट्ट चिकटतात, त्यामुळे त्याला पेशीच्या दारातून आत शिरता येत नाही. मात्र विष एकदा पेशीच्या आत गेले की प्रतिपिंडे त्याला गाठू शकत नाहीत. म्हणून प्रतिविषाचे मोल तासांवर ठरते. पहिल्या दिवशी दिले तर मूल बहुधा वाचते, आणि पुढे एकेक दिवस जाईल तसा धोका वाढत जातो. त्या मुलीला औषध मिळाले, पण विष आधीच हृदयात शिरले होते.

हा उतारा कसा सापडला, ती हकिगत मोठी रंजक आहे. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सँ यांनी घटसर्पाचे जंतू गाळून काढले आणि उरलेला रस प्राण्यांना टोचला. त्यात एकही जंतू नव्हता, तरी प्राणी घटसर्पासारखेच मेले. म्हणजे मारेकरी जंतूने सोडलेले विष होते. दोन वर्षांनी, १८९० मध्ये, बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेरिंग हा जर्मन आणि शिबासाबुरो कितासातो हा जपानी अशा दोघांनी दाखवून दिले, की विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तो दुसरा प्राणीही विषाला दाद देत नाही. प्रतिविषाचा जन्म तो. १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिलेच नोबेल पारितोषिक बेरिंग यांना याच कामासाठी मिळाले. कितासातोंना मात्र त्यात वाटा मिळाला नाही.

सशा-उंदरांच्या रक्तातून मुलांना पुरेल इतके औषध निघणार नव्हते. रू यांनी त्यासाठी घोडा निवडला. थोडे थोडे विष टोचून घोडा सरावतो, त्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार होतात, आणि त्या रक्तातून औषध काढता येते. १८९४ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात ते वापरले गेले आणि घटसर्पाने मरणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्या काळच्या आईबापांना तो दैवी चमत्कार वाटला असेल.

आपल्या महाराष्ट्राचाही या विद्येशी जुना संबंध आहे. मुंबईत परळला १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तीच पुढे १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. सर्पदंशावरचे औषध, धनुर्वाताचे आणि घटसर्पाचे प्रतिविष ही सगळी याच घोड्यांच्या विद्येची फळे, आणि हाफकिनचे नाव त्यांच्याशी अनेक दशके जोडलेले आहे. सर्पदंशावरच्या औषधाला आपल्याकडे सर्रास 'सापाची लस' म्हणतात, पण ती लस नव्हे, तेही प्रतिविषच. लस म्हणजे शरीराला आधीच शिकवून ठेवणे, आणि प्रतिविष म्हणजे ऐन वेळी दुसऱ्याने तयार केलेले हत्यार हातात देणे. शिकवण वर्षानुवर्षे टिकते. उसने हत्यार काही आठवड्यांत संपते.

घोड्याच्या औषधाला दोष नाहीत असे नाही. घोड्याची प्रथिने आपल्या शरीराला परकी असतात. काहींना इंजेक्शन देताच जोराची ॲलर्जी येऊन रक्तदाब कोसळतो. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर गांधी आणि सांधेदुखी होते. आमच्या कंपाउंडरांनी आधी कातडीत टोचून बघायला सांगितले ते त्याचसाठी. १९०१ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस शहरात जिम नावाच्या घोड्याच्या सीरममध्ये धनुर्वाताचे विष मिसळलेले निघाले आणि घटसर्पातून वाचवायला घेतलेल्या त्या औषधाने तेरा मुले मेली. त्या घटनेनंतर १९०२ मध्ये अमेरिकेत अशा औषधांच्या तपासणीचा कायदा झाला. थोडक्यात, हे औषध जपून बनवावे लागते आणि जपून द्यावे लागते.

म्हणून गेली पन्नास वर्षे शास्त्रज्ञ घोड्याला पर्याय शोधत आहेत. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी प्रयोगशाळेत एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके पिकवण्याची युक्ती शोधली. १९८४ चे नोबेल त्यांना मिळाले. शेतकरी वाचकांना हे चटकन समजेल. घोड्याचे सीरम म्हणजे मळणी न केलेली रास. त्यात दाणा आहे, भुसा आहे, खडेही आहेत. नव्या पद्धतीचे प्रतिपिंड म्हणजे निवडलेल्या एका वाणाचे शुद्ध बियाणे. सगळा दाणा एकसारखा, प्रत्येक खेप सारख्या ताकदीची. शिवाय ते मानवी घडणीचे करता येते, म्हणजे परकेपणाची भीती फार कमी होते.

हे नुसते कागदावर नाही. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सच्या विषाविरुद्ध असे एक औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाले. आतड्याच्या एका चिवट जुलाबाच्या जंतूच्या विषाविरुद्ध दुसरे औषध तिथेच २०१६ मध्ये मंजूर झाले. घटसर्पाच्या विषाविरुद्धही मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने मानवी प्रतिपिंड तयार केले, आणि गिनिपिगना ते विषापासून वाचवते असे २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. २०२० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग येथील शास्त्रज्ञांनीही तशी प्रतिपिंडे शोधली.

मग अडले कुठे? अडले बाजारात. घटसर्प होतो तो गरिबांच्या मुलांना, लस न मिळालेल्या वस्त्यांत, निर्वासितांच्या छावण्यांत. २०१७ च्या अखेरीस बांगलादेशात रोहिंग्यांच्या छावण्यांत साथ आली तेव्हा सगळ्या जगाला प्रतिविषाचा अपुरा साठा जपून वापरावा लागला. श्रीमंत देशांचीही गत वेगळी नाही. २०१५ मध्ये स्पेनमध्ये लस न घेतलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाला घटसर्प झाला. देशात प्रतिविष नव्हते. ते रशियातून आणावे लागले, आणि तरी ते मूल वाचले नाही. रुग्ण कमी झाले म्हणून कारखान्यांनी उत्पादन कमी केले. उत्पादन कमी झाले म्हणून जे थोडे रुग्ण उरले, त्यांच्या वाट्याला मरण आले. लस यशस्वी झाल्याची शिक्षा लस न मिळालेल्या मुलाने भोगायची, असा हा उफराटा न्याय आहे.

आतड्याच्या जंतूविरुद्धच्या त्या औषधाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ते काम करीत होते, तरी कंपनीने व्यवसायाचा हिशेब करून जानेवारी २०२५ अखेर त्याची विक्री थांबवली. उलट अँथ्रॅक्सचे औषध उभे राहिले, ते अमेरिकन सरकारने स्वतःच्या राखीव साठ्यासाठी खरेदी केले म्हणून. याहून बोलके उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तान्ह्या मुलांना बोट्युलिझम नावाचा विषबाधेचा आजार होतो. रुग्ण मोजके, म्हणून औषध बनवायला कोणी कंपनी पुढे येईना. तेव्हा कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य खात्यानेच लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून त्यावरचे प्रतिविष तयार करवले. २००३ मध्ये त्याला परवाना मिळाला. त्याने बाळांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी पावणेसहा आठवड्यांवरून अडीच आठवड्यांवर आला. हे काम कुठल्या बड्या कारखान्याने केले नाही, एका राज्याच्या आरोग्य खात्याने केले.

आता माझे मत सांगतो. ते काहींना रुचणार नाही.

विषावरचा उतारा ही बाजारावर सोडण्याची वस्तू नाही. आपण अग्निशामक बंब विकत घेतो तेव्हा वर्षात किती आगी लागतील याचा नफातोटा मांडत नाही. बंब उभाच राहावा अशीच आपली इच्छा असते. प्रतिविषाच्या बाटलीचेही तसेच आहे. ती मुदत संपून वाया गेली, तर त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात कोणाला तिची गरज पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिशेब तपासणाऱ्याने त्या बाटलीवर 'अपव्यय' असा शेरा मारू नये.

काही जाणकार मंडळी म्हणतील, "डॉक्टर, शंभर टक्के लसीकरण करा, मग प्रतिविष लागणारच नाही. त्यावर पैसा कशाला घालवायचा?" या मताचा मला आदर आहे आणि लसीकरण पहिले हे मलाही मान्य आहे. प्रतिविष कधीही लसीची जागा घेऊ शकत नाही. परंतु शंभर टक्के लसीकरण ज्या दिवशी होईल त्या दिवसापर्यंतच्या मुलांचे काय? ऊसतोडीच्या तळावरच्या, वीटभट्टीवरच्या, पालात राहणाऱ्या मुलांचे काय? आरोग्य सेविका वस्ती वस्ती पालथी घालतात, त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार आहे. तरी जे कुटुंब सहा महिने गावातच नसते, ते त्यांच्या यादीतून निसटते. निसटलेल्या मुलाला आजार झाल्यावर "तुझे कार्ड कोरे आहे" असे सांगून आपण हात झटकू शकत नाही.

माझ्या तीन मागण्या आहेत आणि तिन्ही आवाक्यातल्या आहेत.

पहिली, प्रत्येक महसूल विभागात किमान एका सरकारी रुग्णालयात घटसर्पाच्या प्रतिविषाचा साठा असावा. एका मुलाला आजाराच्या जोरानुसार वीस हजारांपासून एक लाख युनिटपर्यंत औषध लागते, तेव्हा साठा निदान काही मुलांना पुरेल इतका हवा. कोणत्या रुग्णालयात किती बाटल्या आहेत आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि खासगी दवाखान्याच्या भिंतीवर लावलेले असावे. २०१८ मध्ये माझ्याही भिंतीवर तो क्रमांक नव्हता. तो मी आधी मिळवून ठेवायला हवा होता, हा दोष मी माझ्याकडे घेतो. तहान लागल्यावर विहीर खोदायला बसलो, तोवर तीन दिवस गेले.

दुसरी, ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावरच लसीकरण व्हावे आणि मुलाचे कार्ड गावाला बांधलेले नसावे. कार्ड मुलाबरोबर फिरले पाहिजे.

तिसरी, घोड्याला पर्याय देणारे मानवी प्रतिपिंड आपल्याकडे तयार व्हावे. हे स्वप्नरंजन नाही. कुत्रा चावल्यावर द्यायचे रेबीजविरोधी मानवी प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या त्याच प्रयोगशाळेबरोबर विकसित केले आणि २०१६ मध्ये त्याला भारतात परवानगी मिळाली. रेबीज हा विषाणूचा रोग आहे, जंतूच्या विषाचा नव्हे, पण प्रतिपिंड बनवण्याची विद्या एकच. जे पुण्यात कुत्र्याच्या चाव्यासाठी झाले, ते घटसर्पासाठी होण्यात शास्त्राची अडचण नाही. सरकारने "इतक्या बाटल्या आम्ही दरवर्षी घेऊ" असा शब्द देण्याची अडचण आहे. तोवर घोड्यांचे औषध बनवणाऱ्या सार्वजनिक संस्था जगवल्या पाहिजेत. नवे घर बांधून होईपर्यंत जुने पाडायचे नसते.

सरकारला इतके सांगितल्यावर आपल्यालाही चार गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे.

घरातल्या मुलांचे कार्ड आज काढून बघा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, दीड वर्षाला डीपीटीचा पहिला बूस्टर, पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान दुसरा. पुढे १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी. सर्वांत जास्त विसरले जातात ते पाच वर्षांचे आणि त्यानंतरचे डोस. लसीची शिकवण हळूहळू पुसट होते, तिची उजळणी लागते. सगळे डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

जखम झाल्यावर 'टीटी' मागण्याची आपल्याला सवय आहे. यापुढे 'टीडी' मागा. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण मिळते. सरकारी कार्यक्रमात टीटीची जागा टीडीने घेतली आहे, आणि गरोदर स्त्रियांनाही तेच देतात. पण प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन लागत नाही. आधीचे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसानंतर दहा वर्षे आणि मातीशेणाच्या खोल जखमेला पाच वर्षे नवा डोस लागत नाही. जखम मात्र लगेच साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. हळद, चुना, शेण काही लावू नका. आधीचे डोस झालेले नसतील आणि जखम घाण असेल, तर डॉक्टर लसीबरोबर धनुर्वाताचे तयार प्रतिपिंडही देतात. ते महाग आहे म्हणून नाकारू नका.

ज्याला धनुर्वात होऊन गेला, त्यालाही लस घ्यावी लागते. हे ऐकून लोक चकित होतात. धनुर्वाताचे विष इतके जहाल आहे की माणसाचा जीव घेण्यापुरती त्याची मात्रा शरीराला प्रतिपिंडे बनवायला शिकवण्याइतकीही नसते. घटसर्पातून उठलेल्या मुलाचेही लसीकरण पूर्ण करावे लागते.

आणि शेवटचे. मुलाचा घसा दुखतो, आवाज बसला आहे, नाकातून रक्ताळ पाणी येते, मान सुजली आहे, घशात पांढुरका-करडा पडदा दिसतो, यांतले काही आढळले तर गुळण्या आणि काढे करीत दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. घरातल्या बाकीच्यांनाही औषध आणि लसीचा डोस लागतो, तेव्हा त्यांनाही बरोबर न्या.

त्या मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. दादा, जंतू मेले होते, पण त्यांनी सोडलेले विष राहिले होते. त्या विषावर उतारा होता. तो १८९० मध्येच सापडला होता. तुमच्या मुलीपर्यंत तो तीन दिवस उशिरा पोहोचला, कारण तो कुठे ठेवायचा हे आम्ही ठरवलेच नव्हते.

बैल गेला आणि झोपा केला, असे आपण म्हणतो. आमच्याकडे तर अजून झोपाही झालेला नाही. निदान पुढच्या पावसाळ्यात जनावरांच्या दवाखान्याला जाताना, वाटेत आरोग्य केंद्रापाशी थांबा. म्हशीच्या कार्डाबरोबर नातवाचेही कार्ड घ्या. आबांनी तसे कबूल केले आहे. तुम्हीही कराल ना?